न जुळलेल्या ओळी

‘दुसऱ्या अॅनोटेटरला का वगळलं, हे लेखिकेने स्पष्ट करावं.’ एवढंच एक वाक्य. मद्रासेत पेरुंगुडी स्टेशनासमोर इडलीवाल्या बाईच्या गाडीपाशी मी उभी होते, सकाळचे सव्वानऊ, उजव्या हाताची बोटं चटणीत आणि डाव्या अंगठ्याने फोनवरचा मेल वर सरकवत होते. माझा पहिला शोधनिबंध. तीन परीक्षकांपैकी दोघांनी चांगलं म्हटलं होतं, तिसऱ्यानेही चांगलंच म्हटलं होतं, आणि शेवटी जाता जाता हा प्रश्न टाकला होता. बाई पळी उचलून म्हणाली, ‘‘सांबार, अम्मा?’’ मी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते माझं मलाच कळलं नाही, तिने ओतलं. रडूबिडू काही आलं नाही. राग आला. याला काय पडलंय? तळटिपा कोणी वाचतं का? आणि हा बाबा नेमका माझ्या सातव्या पानावर भिंग घेऊन बसला. तळटीप अशी होती: दुसऱ्या अॅनोटेटरच्या खुणा विश्वासार्ह न वाटल्याने वगळल्या आहेत. वाक्य माझं. दुसरा अॅनोटेटर म्हणजे माझे वडील. ते जानेवारीत गेले. मार्चमध्ये निबंध पाठवताना मी ती तळटीप पुन्हा वाचली होती, तिच्यात एक स्वल्पविराम जास्तीचा होता तो काढला, आणि पुढचं पान उघडलं. अशी मी.

हे काम काय असतं ते आधी सांगून टाकते. माझी आत्या सगळ्यांना सांगते की सहाना कॉम्प्युटरला मराठी शिकवते, आणि खरं तर तिचं फारसं चुकत नाही. वाक्य वाचून त्यात आनंद आहे की दुःख हे यंत्राला ओळखता यावं, तर आधी माणसांनी हजारो वाक्यांवर तशा खुणा करून द्याव्या लागतात. खुणा करणारा तो अॅनोटेटर. एकाच माणसाच्या मनावर विसंबून चालत नाही, म्हणून तीच वाक्यं दोघांना देतात, एकाच्या खुणा दुसऱ्याला दिसू देत नाहीत, आणि मग दोघांचं किती जुळलं याचा आकडा काढतात. एक आला तर सगळंच जुळलं. शून्य आला तर दोघं डोळे मिटून खुणा करत बसले होते असं समजा. पॉइंट सातच्या वर गेलं की आमच्यात बरं मानतात. माझ्याकडे सहा हजार वाक्यं होती, लोकांनी आपणहून दिलेली, कुणी घरी पाठवलेले निरोप, कुणाच्या वहीतल्या ओळी. खुणा पाच: आनंद, दुःख, राग, भीती, आणि पाचवी ‘काही नाही’. बसल्या जागी माणसाचं मन पाच खान्यांत टाकायचं, कोणी विचारलं तर सांगायलाही लाज वाटते. पण मला आवडायचं. ते काम मला माझ्या घरचं वाटायचं.

घरचंच होतं. अप्पा एकतीस वर्षं बंदराजवळ एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत टॅली क्लार्क होते. जहाजावरच्या मालाच्या यादीच्या दोन प्रती यायच्या. एक अप्पांच्या हातात, एक त्यांच्या कचेरीतल्याच सुब्बामामांच्या. अप्पा मोठ्याने वाचायचे, सुब्बामामा आपल्या प्रतीवर पेन्सिलीची टिंबं देत जायचे. जिथे जुळलं नाही तिथे दोघं थांबायचे, आणि जुळल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत. अप्पांना त्याचा केवढा अभिमान! तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणा आला की तो ऐकून घ्यावाच लागे. मी शाळेत असताना कविता उतरवून आणली तरी ते पुस्तक हातात धरून म्हणायचे, ‘‘वाच गे.’’ मी वाचायची, ते पुस्तकावर बोट सरकवायचे. ‘‘जुळलं,’’ म्हणायचे शेवटी, आणि माझ्या डोक्यावर टपली मारायचे. पुढे मी इंजिनियर झाले, पेरुंगुडीला एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी केली तीन वर्षं, कंटाळून जीव मेटाकुटीला आला, आणि एका दुपारी तरमणीच्या संशोधन संस्थेत वाणी मॅडमचं भाषण ऐकायला गेले. फुकट एसी म्हणून गेले होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी फळ्यावर दोन रांगा काढल्या आणि म्हणाल्या, दोन माणसांचं जुळतं तेवढंच आपल्याला यंत्राला शिकवता येतं. माझ्या अंगावर काटा आला. पीएच.डी.च्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, भाषाशास्त्र का? मी अप्पा आणि सुब्बामामांची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तुझी अर्धी पीएच.डी. घरीच झालीय. त्या संध्याकाळी अप्पांनी रवाकेसरी आणली, अम्मा म्हणाली अहो तिला अजून प्रवेश मिळालाय फक्त, आणि ते म्हणाले, असूं दे की.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत अम्मा गेली. किडनीचं दुखणं, दीड वर्ष चाललं, मग संपलं. अप्पा रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. दिवसभर खिडकीशी बसायचे, खाली कोण आलं कोण गेलं ते मला संध्याकाळी सांगायचे. म्हणून एप्रिलमध्ये मी त्यांना लॅबचा एक लॅपटॉप आणून दिला. दुसरा अॅनोटेटर मला हवाच होता. मद्रासेत घरबसल्या मराठी वाचणारं माणूस शोधायचं कुठे? आमचं मराठी तंजावरचं, पुण्यामुंबईच्या माणसाला ऐकून हसू येतं, पण अप्पांना भजनाच्या वह्यांमुळे देवनागरी चांगलं वाचता यायचं आणि वाक्यं कळायची. आणि मला वाटलं, मन रमेल. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले. वाक्य आलं: पाणी येऊन गेलं. अप्पा म्हणाले, ‘‘ह्याला काय घालूं?’’

‘‘काही नाही घाला.’’

‘‘येऊन गेलं म्हणतो आहे तो. भरायला घरांत कोणी नव्हतं कां?’’

‘‘अप्पा, वाक्यात आहे तेवढंच बघायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही.’’

‘‘सरी,’’ म्हणाले, आणि ‘काही नाही’वर टिचकी मारली. सरी म्हणजे बरं. अप्पांचं निम्मं आयुष्य सरी म्हणण्यात गेलं. पण शिकले पटकन. दोन आठवड्यांत असे तरबेज झाले की मॅडमनी आकडा बघून विचारलं, हा माणूस कोण? पॉइंट अठ्ठ्याहत्तर. लॅबमधल्या कुणाचंही माझ्याशी एवढं जुळत नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच सुब्बामामांना फोन लावला आणि तमिळमध्ये ओरडून सांगितलं, अजून जुळतंय बघ माझं! सुब्बामामांना काय कळलं देव जाणे, तेही तिकडून ओरडत होते.

आणि ऑगस्टमध्ये मी ते घर सोडलं. सतरा तारीख, शनिवार. कारण सगळ्यांना सांगितलं ते असं की लॅब तरमणीला, जाण्यायेण्यात वेळ जातो, पेरुंगुडीला हरिप्रियाच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. हरिप्रिया माझी लॅबमधली मैत्रीण, तिच्याकडेही घरी आमच्यासारखंच मराठी. पण तिरुवल्लिकेणीहून तरमणीला थेट गाडी आहे, हे काय कुणाला माहीत नव्हतं? अर्धा तास लागत नाही. खरं कारण आज लिहिते. अम्मा गेल्यापासून अप्पा माझ्यासाठी जेवायचे थांबायचे. आठ वाजोत, साडेनऊ वाजोत. ताट मांडून, वर दुसरं ताट पालथं घालून, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. मी आले की म्हणायचे, ‘‘आलीस? मला भूक नव्हतीच.’’ जिना चढतानाच माझ्या छातीवर धोंडा यायचा. कुणी आपली एवढी वाट बघावी हे मला सोसेना. त्यांनी रागावावं, कुरकुर करावी, मग मीही भांडले असते, मला भांडता छान येतं. ते नुसते थांबायचे. तर मी पळाले, दुसरा शब्द नाही. ते माझी बॅग घेऊन स्टेशनापर्यंत आले. जिन्याशी म्हणाले, ‘‘थेट गाडी आहे की गे.’’ मी म्हटलं, ‘‘तेच तर, थेट गाडी आहे, दर रविवारी येईन.’’ ‘‘सरी,’’ म्हणाले. गाडी हलली तेव्हा ते प्लॅटफॉर्मवर दुसऱ्याच डब्याकडे बघत हात हलवत होते. मला हसू आलं होतं, आठवतंय.

सप्टेंबरात एकूण आकडा घसरू लागला. साठ, त्रेपन्न, अठ्ठेचाळीस. नोव्हेंबर उजाडेपर्यंत एक्केचाळीस. मी खुणा काढून बघितल्या तर अप्पांनी ज्याला त्याला ‘दुःख’ लावून ठेवलेलं. दार लोटून घेतलं, दुःख. आज भाजी नको, दुःख. कपडे वाळलेत, दुःख. कपडे वाळले यात कसलं आलंय दुःख! मी चिडले. मॅडमपुढे मान खाली जायची वेळ, डिसेंबरच्या मुदतीला पाच आठवडे, आणि सहा हजारांतली शेकडो वाक्यं खराब झालेली. मला वाटलं, अम्माचं जाणं त्यांना आता उशिराने जाणवायला लागलंय. हरिप्रियालाही तेच सांगितलं, मॅडमनाही. सगळ्यांनी हळहळ केली. मला ती हळहळ सोयीची पडली. कोणीच विचारलं नाही की मग तू घरी का जात नाहीस? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर रविवारही बंद झाले होते, काम होतं ना. शेवटी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला लॅबच्या गॅलरीत उभी राहून मी फोन केला. बोललेलं सगळं अक्षरन् अक्षर आठवतं.

‘‘अप्पा, ते वाक्यांचं काम आता राहू दे.’’

‘‘कां? अजून सातशे आहेत की.’’

‘‘तुमच्या खुणा जुळत नाहीत.’’

त्यांच्या खिडकीखालच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. ‘‘जुळत नाही? कोणाशी?’’

‘‘माझ्याशी.’’

‘‘तुझ्याशी जुळत नाही म्हणजे मग माझंच चुकलं असेल,’’ अप्पा म्हणाले. ‘‘परवायिल्ल. जेवलीस कां?’’

परवायिल्ल म्हणजे असूं दे, काही बिघडत नाही. मी म्हटलं जेवले. जेवले नव्हते. त्याच दुपारी त्यांच्या खुणा बाजूला काढल्या, तीच वाक्यं हरिप्रियाला दिली, तिने तीन आठवड्यांत उडवली, आकडा चौऱ्याहत्तर. सगळं सुरळीत. वाक्यांचं काम ज्यात चालायचं त्यातलं अप्पांचं खातं बंद करायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. लॅपटॉप नंतर आणू म्हटलं. डिसेंबरची मुदत तशीही हुकली, मॅडम म्हणाल्या मार्चला पाठवू. म्हणजे ज्या घाईपायी मी हे सगळं केलं ती घाईसुद्धा खरी निघाली नाही. नऊ जानेवारीला सकाळी घरमालकीण अलमेलू मामींचा फोन आला, दूध दारातच आहे आणि हाक मारली तर उठत नाहीत. टेबलावर डोकं टेकून बसलेले होते म्हणाल्या. हार्ट. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. हे डॉक्टर लोक सगळ्यांना हेच सांगतात का? मी गेले तोवर त्यांना खाली चटईवर घेतलं होतं. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, काळा पडलेला, बॅटरी संपलेली. मी तो मिटला. तेराव्यानंतर लॅबमध्ये परत केला, रजिस्टरमध्ये सही केली.

तर आज. इडली तशीच टाकून लॅबमध्ये आले, पंख्याखालची जागा धरली आणि परीक्षकाला उत्तर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झरझर आलं: दुसऱ्या अॅनोटेटरला कामादरम्यान पत्नीवियोगाचा धक्का बसला होता. सभ्य वाक्य. कोणी पुढे विचारणार नाही. पण मी टॅली क्लार्कची मुलगी. हात आपोआप तारखांकडे गेला. अम्मा गेली फेब्रुवारीत. अप्पांनी काम सुरू केलं एप्रिलमध्ये. म्हणजे धक्का बसला तो काम सुरू व्हायच्या आधी, आणि त्यानंतर चार महिने हा माणूस माझ्याशी पॉइंट अठ्ठ्याहत्तर जुळत होता. अम्माच्या जाण्याने बिघडायचं तर एप्रिलमध्येच बिघडायला हवं होतं. मी हे सात महिने बघितलंच नव्हतं, मला बघायचं नव्हतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खुणेपुढे तारीख आणि वेळ आपोआप पडते. मी ती कधी वापरत नाही. आज तो रकाना उघडला आणि एकेका दिवसाचा आकडा काढून रेघ ओढायला लावली. एप्रिल, मे, जून, जुलै, सपाट वाटेसारखी रेघ. ऑगस्टच्या अठरा तारखेला ती खाली गेली. हळूहळू नाही, एका दिवसात. मी बॅग घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

समोर लॅबमधला गिरीधर हेडफोन घालून कसलंसं खात बसला होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा रेघ बघितली. खाली गेल्यावर ती खालीच राहिली नव्हती. मधेमधे उंचवटे होते, एक दिवस वर, की लगेच खाली. पंचवीस ऑगस्ट. एक सप्टेंबर. आठ. पंधरा. बावीस. तारखा मोजायची गरज नव्हती, कॅलेंडर उघडायचीही नव्हती, तरी उघडलं. सगळे रविवार. शेवटचा रविवार सहा ऑक्टोबरचा, त्यानंतर रेघ जमिनीला चिकटलेली, आणि मग एकच उंचवटा, एकतीस तारखेला, गुरुवारी. त्या गुरुवारी दिवाळी होती. मी सकाळी सहाला गाडीत बसले होते, अप्पांनी माझ्यासाठी तेल कोमट करून ठेवलं होतं, संध्याकाळी परत आले. रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून खुणा सांगत होते असंही नाही. मी जेवून आडवी व्हायचे आणि चार वाजता उठून जायचे. ते दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवर असायचे, मला टिचक्या ऐकू यायच्या. मी घरात झोपलेली असले की कपडे वाळले म्हणजे नुसते कपडे वाळले. मी नसले की ते दुःख. एवढंच होतं ते. एवढं साधं, आणि हे मला सांगायला त्यांच्याकडे पाच खुणांशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्या पाचांतलीच एक ते रोज पुन्हा पुन्हा माझ्यापुढे ठेवत होते. मी आकडा काढला. अरे देवा, मी आकडा काढला त्याचा.

उठून पाणी प्यायले. थंड पाण्याच्या मशीनपाशी शेजारच्या लॅबमधली रम्या भेटली, म्हणाली निबंधाचं ऐकलं, पार्टी कधी? मी हसले. जागेवर आले तर पडद्यावर रेघ तशीच होती, आणि तेव्हा दिसलं की ती अकरा नोव्हेंबरला संपत नव्हती. मी अकराला त्यांना थांबवलं होतं. रेघ त्याच्या पुढे जात होती, आणि चढत होती. पन्नास, बावन्न, साठ. बारा नोव्हेंबरपासून रोज सकाळी सव्वासहा ते सात. एक दिवस खाडा नाही. मला वाटलं प्रोग्रॅमची चूक. मग जुन्या-नव्या नोंदी शेजारीशेजारी लावल्या. आमचा प्रोग्रॅम बदललेली खूणही जपून ठेवतो, आधी काय होती तेही. अप्पा राहिलेली सातशे करत नव्हते. ते मागे गेले होते. ऑगस्टच्या अठरा तारखेच्या पहिल्या ओळीपासून. जिथे जिथे त्यांनी दुःख लावलं होतं ती ओळ पुन्हा उघडायची आणि तिथे ‘काही नाही’ घालायचं. माझ्या खुणा त्यांना दिसत नव्हत्या. पण मी काय घातलं असणार ते त्यांना ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून मी तेच सांगत आले होते. दार लोटून घेतलं: काही नाही. आज भाजी नको: काही नाही. कपडे वाळलेत: काही नाही. एका ओळीला चार मिनिटं, पाच मिनिटं. सकाळच्या पाऊण तासात नऊ-दहा ओळी. जुळल्याशिवाय उठायचं नाही. पाचशे सव्वीस ओळी त्यांनी अशा दुरुस्त केल्या, काम काढून घेतल्यावर, कोणी न सांगता, मुलीशी जुळावं म्हणून.

मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. ओरडून रडले म्हटलं तरी चालेल. बाहेर आले तर झाडूवाली अम्मा उभी होती, तिने माझ्या दंडाला हात लावला.

वाणी मॅडमना सगळं सांगितलं. त्या दुष्ट नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि मास्तरकी जागी झाली. ‘‘सहाना, मग प्रश्नच मिटला. शेवटच्या खुणा घे ना. अॅनोटेटरने स्वतःच फेरतपासणी केली, हे नियमात बसतं. आकडा किती येतो?’’ मी सांगितलं, पॉइंट त्र्याऐंशी. ‘‘हरिप्रियाहून वर! तळटीप काढून टाक. वगळलं नाही असं लिही. वडिलांचं नाव आभारात घाल. याहून चांगलं काय होणार त्यांच्यासाठी?’’ खरंच होतं. तो आकडा छापून आला असता तर अप्पांनी सुब्बामामांना फोन लावला असता. मी जवळजवळ हो म्हटलं. खोलीच्या दारापर्यंत गेलेही. मग माझ्या लक्षात आलं की मी काय करायला निघालेय. ज्यातून त्यांनी मला हाक मारली होती त्या खुणा पुन्हा फेकायच्या, आणि ज्यातून त्यांनी आपली हाक पुसून टाकली त्या ठेवायच्या. एकदा फेकल्या होत्या, तेव्हा निदान कळत नव्हतं.

‘‘मॅडम, पहिल्या खुणा घालते,’’ मी म्हटलं.

‘‘आकडा?’’

‘‘एक्केचाळीसच्या आसपास.’’

‘‘मग निबंध नाकारतील.’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘तुझं एक वर्ष जाईल. वडिलांना आवडलं असतं?’’

‘‘नसतं आवडलं,’’ मी म्हटलं. ‘‘सरी म्हणाले असते.’’

आता चार वाजलेत. परीक्षकाला उत्तर लिहून झालं. दुसऱ्या अॅनोटेटरला वगळण्याचं काहीही कारण नव्हतं. वगळणं ही लेखिकेची चूक होती. त्यांच्या मूळ खुणा परत घातल्या आहेत, जुळणीचा आकडा त्याप्रमाणे बदलला आहे. एवढंच. बाकी त्याला काय सांगायचं? पाचशे सव्वीस ओळी प्रोग्रॅमने एका टिचकीत मागे नेल्या असत्या, पण मी एकेक उघडून बदलतेय, काही नाहीचं दुःख, काही नाहीचं दुःख. बोटं दुखायला लागलीत. त्यांनी थंडीत सकाळी सहाला उठून केलं, मला पंख्याखाली करायला काय झालं? गिरीधरने दोनदा विचारलं मदत करू का, मी नको म्हटलं. हे जुळवायला दोनच माणसं लागतात, आणि त्यातलं एक आता नाही.

शेवटी ती ओळ आली जिथे ते थांबले होते. नऊ जानेवारी, सकाळी सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी उघडलेली. बदललेली नाही. बंदही केलेली नाही; अकरा मिनिटं वाट बघून प्रोग्रॅमने आपणच ती मिटली. तिच्याखाली अजून त्र्याण्णव ओळी होत्या, त्यांना हातच लागला नव्हता. ही ओळ त्यांना बदलायची नव्हती की बदलायची राहून गेली, ते कळायला आता काही मार्ग नाही. कुणीतरी कुणालातरी पाठवलेला निरोप आहे: ‘तू येणार म्हणून आज जास्तीचं केलंय.’ अप्पांची खूण, दुःख. शेजारी माझी, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये अर्ध्या सेकंदात केलेली, आनंद. दुसऱ्याची खूण बघून आपली बदलायची नाही, हा आमच्याकडे सगळ्यात पहिला नियम, तो अप्पांना मीच शिकवला होता. मॅडमना कळलं तर ओरडतील. ओरडू देत. मी माझी खूण पुसली आणि तिथे दुःख लिहिलं. मग त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हटलं, ‘‘अप्पा, जुळलं.’’